बुधवारचे पातेले

आठवड्याचे वार सात खरे. परंतु आमच्यासारख्या मत्स्यमांस खाणाऱ्या गोमंतकीय हिंदू घरांत त्या सातांचा हिशेब निराळा असतो. सोमवार मंगेशाचा आणि नागेशाचा. त्या दिवशी घरात नुस्त्याचा वाससुद्धा नको. गुरुवार दत्तगुरूंचा. शनिवार मारुतीचा. एकादशी, संकष्टी, घरचे श्राद्धपक्ष आणि कुलदेवतेचे उत्सव पुन्हा वेगळेच. रविवार उरला, तर तो पाहुण्यांचा आणि दुपारच्या सावकाश जेवणाचा. म्हणजे कामाच्या दिवसांतील रात्री मोजू लागल्यास मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार अशा तीनच हाती लागतात. आणि ज्या घरी मंगळवार गणपतीचा किंवा शुक्रवार देवीचा म्हणून पाळतात, त्यांस तर दोनच. या उरलेल्या रात्रींविषयी आज आम्ही लिहीत आहोत. विषय देवळाच्या चौकात काढण्याजोगा नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु देवळातून घरी परतल्यावर जेवण हे प्रत्येकास असतेच, आणि ते कोणी, केव्हा व कसे करावयाचे हा प्रश्न अलीकडे बऱ्याच घरांत अवघड होऊन बसला आहे.

प्रथम घरचा परिचय करून देणे भाग आहे. आमचे बिऱ्हाड फोंड्यास. घरात आम्ही, आमची मंडळी, मुलगा, सून, शाळेत जाणारा नातू आणि आमच्या दिवंगत वडील बंधूंच्या पत्नी, म्हणजे आमच्या मोठ्या वहिनी. वहिनी गेली तीस-बत्तीस वर्षे पूर्ण शिवराक आहेत. आमच्या मंडळींच्या गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून त्या बसून होणारी सर्व कामे करतात; चुलीपाशी उभे राहणे मात्र त्यांस जमत नाही. सून पणजीस नोकरीला. सकाळी आठाच्या बसने जाते आणि परत येते तेव्हा तुळशीपाशी दिवा लागून गेलेला असतो. मुलगा त्याहून उशिरा. आम्ही सेवानिवृत्त, म्हणजे लोकांच्या मते रिकामे.

दोन वर्षांपूर्वी सुनेस फार थकवा येऊ लागला. बसथांब्यापासून घरापर्यंतची चढण चढताना तिला दम लागे. रक्त तपासून घेतले, तेव्हा हिमोग्लोबिन ८.९ भरले. स्त्रीच्या रक्तात ते निदान १२ असावे, असा दंडक आहे. डॉक्टरांनी इतर कारणे शोधून पाहिली, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जाता जाता सांगितले की पालेभाजी रोज खात जा. तिची स्थिती अपवादात्मक होती, असे कोणी समजू नये. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शंभरांत ५७ जणींच्या रक्तात ही उणीव आढळली होती. म्हणजे ज्या घरी हे मासिक वाचले जात आहे, त्या घरीही अशी एखादी असण्याचा संभव बराच आहे.

आता पालेभाजी रोज खा, हे सांगणे जितके सोपे तितके करणे सोपे नव्हे. वेळ कमी पडू लागला की पानावरून पहिली नाहीशी होते ती पालेभाजीच. भात राहतो, कढी राहते, तळलेला मासळीचा तुकडा राहतो, चार घास लोणच्याशीही जातात. पण भाजी निवडावयाची, तीन पाण्यांतून धुवावयाची, चिरावयाची आणि एवढा खटाटोप करून शिजवल्यावर ती मूठभर होऊन बसावयाची, हे संध्याकाळी साडेसातला घरी आलेल्या माणसाने करावे तरी केव्हा? सकाळी भाजी होते, पण ती दुपारी घरी असणाऱ्यांच्या पोटात जाते. शिवाय आपल्याकडची वाढण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. आधी मूल, मग पुरुषमाणसे, मग वडीलधारी, आणि जिने रांधले ती सर्वांत शेवटी. तोपर्यंत पातेल्याच्या तळाशी रस असतो, फोडी नसतात. आणि भाजीच्या भांड्यात पळी फिरवल्याच्या खुणा तेवढ्या असतात.

म्हणून आम्ही असे ठरविले की त्या तीन रात्रींचा स्वयंपाक आम्ही करावा, तो एकाच पातेल्यात व्हावा, त्यात कोंबडी असावी, कोंबडीइतकीच पालेभाजी असावी आणि सून घरात पाऊल टाकते तेव्हा ते पातेले उतरलेले असावे. यात आम्ही काही नवा शोध लावला, अशी प्रौढी मिरवण्याचे कारण नाही. एका भांड्यात सर्व काही शिजवण्याची विद्या गोमंतकास कोणी परदेशातून येऊन शिकवलेली नाही. चतुर्थीचे खतखते म्हणजे दुसरे काय आहे? सुरण, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, मुळा, भोपळा, रताळी, मक्याचे कणीस, त्यावर तुरीची डाळ आणि नारळाचे वाटण, वर तिरफळे आणि सोले. आणि हे सर्व एका हंड्यात, ज्याला जितका वेळ शिजण्यास हवा तितका देऊन, एकामागून एक टाकलेले. कठीण ते आधी आणि कोवळे ते शेवटी, हा खतखत्याचा नियम ज्याच्या ध्यानात आला, त्याला आमच्या पातेल्याचे निम्मे गुपित कळले.

घरातून विरोध झाला तो वहिनींचा, आणि तो उपेक्षा करण्याजोगा नव्हता. कोंबडी घरात शिजते याविषयी त्यांची तक्रार नाही. पूर्वी मात्र ती घरात शिजत नसे. आमच्या लहानपणी कोंबडी रांधावयाची म्हणजे परसात तीन धोंडे मांडून, वेगळ्या भांड्यात, आणि ते भांडे पुन्हा घरात यावयाचे नाही. मासळीस स्वयंपाकघरात मज्जाव नव्हता, कोंबडीस होता. याची कारणमीमांसा कोणी सांगत नसे आणि विचारण्याची आमची छाती नव्हती. आज ती चूल परसातून आत आली, तरी कोंबडीचे पातेले आमच्या घरी अद्याप निराळ्या फळीवर असते, आणि ते तसेच राहील. वहिनींचा आक्षेप पालेभाजीविषयी होता. त्या म्हणाल्या, “देवाक दाखोवपाची भाजी ही. ती कोंबये वांगडा शिजयतात व्हय?”

आम्ही त्यांस उत्तर दिले नाही. चरकसंहिता काढून दाखविली. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात अन्नपानाचे वर्ग सांगितले आहेत. तेथे मांसवर्ग संपतो आणि लगेच शाकवर्ग सुरू होतो. दोहोंच्या मध्ये भिंत नाही. कृश आणि क्षीण झालेल्या माणसास मांसरस हितकर, हेही त्या ग्रंथात सांगितलेले आहे. वहिनींनी पुस्तक चष्म्याजवळ नेऊन पाहिले आणि परत केले. पोथीने त्यांचे समाधान झाले असे आम्हांस वाटत नाही. त्या रात्री सून जेवून उठल्यावर भिंतीस हात लावून थोडी थांबली, ते त्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आपण होऊन तांबड्या भाजीची जुडी पुढ्यात ओढली आणि निवडावयास बसल्या. तेव्हापासून त्या तीन दिवसांची भाजी त्याच निवडतात. स्वतः त्या पातेल्यातले खात नाहीत. त्यांच्यासाठी त्याच भाजीचा एक वाटा, मूगडाळ घालून, आधी वेगळ्या लहान भांड्यात शिजतो. नैवेद्य तर सकाळीच होऊन गेलेला असतो. तात्पर्य, भांडी दोन झाली. परंतु घरात सहा माणसे आणि दोन पंथ असता दोनच भांड्यांत निभावले, हे काही थोडके नव्हे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पाच माणसांस हाडांसह पाऊण किलो कोंबडी पुरते. दुकानदारास तंगडी आणि मांडीचेच तुकडे मागावेत. छातीचे मांस हल्ली आरोग्याच्या नावाखाली फार वाखाणले जाते. पण ते लवकर कोरडे पडते, आणि हाडाजवळच्या मांसाने रस्सा जसा धरतो तसा त्याने धरत नाही. कातडी मात्र काढून घ्यावी. गावठी कोंबडीची चव निराळी, हे निर्विवाद. तथापि ती शिजावयास तास-सव्वा तास घेते, म्हणून तिने रविवारची शोभा वाढवावी. बुधवारी आपली नेहमीची ब्रॉयलर बरी.

पालेभाजी चांगल्या मोठ्या तीन जुड्या, म्हणजे निवडून सुमारे चारशे ग्रॅम. पातेल्यात घालताना हा ढीग पाहून कोणाचीही छाती दडपेल. पण पाच मिनिटांत तो बसतो. याच कारणाने मीठ भाजी बसल्यावर चाखून घालावे. आधी ढिगाच्या मापाने घातलेले मीठ पुढे काढता येत नाही. बाकी सामान कोणत्याही घरी असते ते: दोन कांदे उभे चिरून, लसणीच्या आठ पाकळ्या आणि बोटभर आले ठेचून, तीन हिरव्या मिरच्या, आठ-दहा मिरे आणि चमचाभर जिरे भरड कुटून, अर्धा चमचा हळद, धुऊन भिजत घातलेली अर्धी वाटी मसूरडाळ, दोन मोठे चमचे खोबरेल, एक लिंबू आणि मूठभर ओला नारळ. शागोतीचे भाजलेले वाटण येथे आम्ही मुद्दाम टाळतो. ते करण्यास वेळ लागतो हे एक. आणि खसखस, बडीशेप, चक्रीफूल यांच्या गर्दीत पाल्याची स्वतःची चव कोठे हरवते ते कळत नाही, हे दुसरे. तिरफळही घालीत नाही. ते बांगड्यापाशीच शोभते.

आदोळीवर आधी भाजी चिरून बाजूस ठेवावी, मग कोंबडीस हात लावावा. हा क्रम उलटू नये. कच्च्या कोंबडीवरील जंतू हातास, पात्यास आणि पाटास लागतात, तेथून ते भाजीत किंवा कोशिंबिरीत जातात. कोंबडी नळाखाली खळखळून धुण्याची चाल सर्वत्र आहे. परंतु आजचे शास्त्र सांगते की धुण्याने जंतू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर मोरीभर पसरतात. ज्यांस धुतल्यावाचून चैन पडत नाही, त्यांनी निदान तसराळ्यात हलक्या हाताने धुवावी आणि मागाहून मोरी व हात साबणाने स्वच्छ करावेत. आम्ही तुकडे नुसते पुसून घेतो, त्यांस हळद, आले-लसूण आणि थोडे मीठ चोळतो आणि फ्रिजमध्ये ठेवून देतो. हे काम चारच्या चहाआधी उरकते.

सव्वासहाला पातेले चढवावे. ते जाड बुडाचे हवे. तेल तापले की कांदा घालून तो कडांना तांबूस होईपर्यंत परतावा, मग मिरच्या, मिरे आणि जिरे. वास सुटला की कोंबडीचे तुकडे घालून सात-आठ मिनिटे मोठ्या आचेवर परतावेत. या सात-आठ मिनिटांत पातेल्यापासून हलू नये. पुढील अर्धा तास ते आपणांस विचारणारसुद्धा नाही. नंतर निथळलेली मसूरडाळ आणि अडीच वाट्या कढत पाणी घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर पंचवीस मिनिटे शिजू द्यावे. डाळ विरघळून रश्शास दाटपणा आणते, म्हणून वाटणाची उणीव भासत नाही. तेवढ्या अवधीत आम्ही दिवाबत्ती करतो आणि नातवाचे गणित पाहतो. दुसऱ्या कामास दिवाबत्तीपेक्षा अधिक भक्ती लागते.

पंचवीस मिनिटांनी सर्वांत जाड तुकडा बाहेर काढून हाडापर्यंत चिरून पाहावा. आत गुलाबी छटा नसावी, रस स्वच्छ निघावा. ज्यांच्यापाशी अन्नाचा तापमापक असेल त्यांनी तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सियस पाहावे. ते सर्वांत खात्रीचे. ही तपासणी भाजी घालण्यापूर्वीच केली पाहिजे, आणि विशेषतः तांबडी भाजी असेल तर केलीच पाहिजे. कारण तिचा रंग बिटाप्रमाणे पाण्यात उतरतो आणि दोन मिनिटांत रस्सा, कांदा, डाळ, कोंबडी सर्व काही गुलाबी होऊन जाते. मग कच्चे कोणते आणि रंगलेले कोणते, हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. पहिल्यांदा ते पातेले उघडले तेव्हा नातू टाळ्या पिटून ओरडला, “आजोबा, कोंबी गुलाल खेळून आयली!” तेव्हापासून आमच्या घरी त्या प्रकारास शिगम्याची कोंबडी असे नाव पडले आहे.

कोंबडी शिजली अशी खात्री झाली की आधी भाजीचे कोवळे देठ बारीक चिरून घालावेत. तांबड्या भाजीचे देठ टाकून देणाऱ्यांविषयी आमचे मत फारसे चांगले नाही. देठांना पाच मिनिटे द्यावीत, मग पाने घालून झाकण न ठेवता तीन-चार मिनिटे. पाने मऊ पडली, रंग अजून जिवंत आहे, अशा वेळी आच बंद करावी. वरून ओला नारळ आणि अगदी शेवटी, पातेले खाली उतरवल्यावर, लिंबाचा रस. प्रेशर कुकर वापरणाऱ्यांचा वेळ आणखी वाचेल. परंतु त्यांनीही भाजी शिट्टीच्या स्वाधीन करू नये. वाफ जिरल्यावर झाकण काढून मगच घालावी.

लिंबू शेवटीच का, असे आमच्या मंडळींनी विचारले होते. त्याचे उत्तर सुनेच्या दुखण्याशी निगडित आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. पालेभाजीत लोह आहे, पण ते शरीरास सहजासहजी लाभत नाही. त्यातील बराच अंश आला तसा निघून जातो. मांसातील लोहाचा एक भाग वेगळ्या जातीचा असतो, तो शरीर अधिक सुलभतेने घेते. कोंबडीत लोह फार असते असे मुळीच नाही. तिचा उपयोग निराळा आहे. मांस, मासळी किंवा कोंबडी ज्या जेवणात असते, त्या जेवणातील भाजीचे आणि डाळीचे लोहही अंगास अधिक लागते. लिंबातील क जीवनसत्त्वही हेच कार्य करते, पण उष्णतेने ते नाश पावते. म्हणून ते उकळत्या पातेल्यात घालू नये. उलट चहा याचा वैरी. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातील द्रव्ये लोहास अडवून धरतात, त्यासाठी तासाभराचे अंतर ठेवणे बरे. रात्री जेवल्यावर कपभर चहा घेण्याची सुनेची सवय होती. ती सोडणे तिला गोळ्या गिळण्यापेक्षा जड गेले.

एका पातेल्याचा आणखीही लाभ आहे. भाजी वेगळी उकडून पाणी ओतून दिले की त्याबरोबर फोलेट आणि इतर जीवनसत्त्वे मोरीत जातात. येथे जे पाण्यात उतरते ते रश्शात राहते आणि रस्सा पोटात जातो. गाजराप्रमाणे हिरव्या पाल्यातही असलेले कॅरोटीन, ज्याचे शरीरात अ जीवनसत्त्व होते, ते पचण्यास थोडी चरबी लागते. ती खोबरेलाने आणि नारळाने मिळते. मात्र ज्यांस मूतखड्याचा विकार आहे, त्यांनी पालक आणि तांबडी भाजी यांविषयी आपल्या डॉक्टरांस आधी विचारावे, कारण दोहोंतही ऑक्झलेट पुष्कळ असते. त्यांस मेथी किंवा शेवग्याचा पाला सोयीचा पडण्याचा संभव आहे.

शेवग्याच्या पाल्याची सूचना वहिनींचीच. गोकुळाष्टमीस आपल्याकडे तो खातात, वर्षाच्या इतर दिवशी त्याची आठवण कोणास होत नाही. झाड मात्र बारा महिने परसात उभे असते. पाने देठांवरून ओरबाडून घ्यावी लागतात, हे कंटाळवाणे काम. शिजावयास ती थोडी अधिक म्हणजे सात-आठ मिनिटे घेतात. पण रश्शास जो एक हिरवा, किंचित कडवट खमंगपणा येतो, तो आम्हांस पालकापेक्षा शतपटीने आवडतो. मेथीही चांगली. मायाळू रश्शास बुळबुळीत करतो, पण लिंबाने ते निभते. अळू आणि तेरे यांस मात्र या पातेल्यात प्रवेश नाही. आंबट घालून पुष्कळ वेळ शिजवल्यावाचून त्यांची खाज मरत नाही, आणि चार मिनिटांचे अळू खाऊन कोणाचा घसा धरला तर त्याचा दोष या लेखास लागू नये.

पावसाळ्यात या पातेल्याचे महत्त्व दुणावते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक होड्यांस मासेमारी बंद असते. बाजारात मासळी थोडी आणि तिचा भाव ऐकून माणसाने सरळ भाजीवाल्यांच्या रांगेकडे वळावे असा. नेमक्या त्याच दिवसांत खेड्यांतून येणाऱ्या बाया टोपल्या भरभरून पाला आणतात. पहिल्या पावसानंतरचा कोवळा टायकिळा मिळाला, तर तो आम्ही कोंबडीत अर्धाच घालतो आणि अर्धा नारळ-फणसाच्या आठळ्यांबरोबर वेगळा करावयास देतो. सगळा टायकिळा कोंबडीच्या स्वाधीन करणे हा अन्याय होईल. पावसातल्या भाजीस माती आणि अळ्या फार, म्हणून धुण्याचे पाणी खाली स्वच्छ दिसेपर्यंत बदलत राहावे.

मग श्रावण लागतो, आणि चतुर्थी होईपर्यंत कोंबडीचे पातेले फळीवर उपडे होते. तेव्हाही रीत तीच राहते, भांडे बदलते. कोंबडीच्या जागी मोड आलेले मूग किंवा भिजवून उकडलेले काळे वाटाणे, कांदा-लसूण नाही, आणि लिंबाचा हात अधिक सढळ, कारण मांसाचे साहाय्य नसता भाजीतील लोहास लिंबाचाच काय तो आधार. त्या महिन्यात वहिनी आणि आम्ही सर्व एकाच पातेल्यातले जेवतो. त्या दिवसांत वाढण्याचा मान त्यांचा.

पोळी-भाकरीची खटपट आम्ही या रात्रींना ठेवली नाही. संध्याकाळी पोदेराचा भोंपू वाजला की नातू धावत जाऊन पोयी घेऊन येतो. कोंड्याची पोयी या रश्शात बुडवून खाण्यास जशी आहे, तसा दुसरा पदार्थ आम्हांस सुचत नाही. दुपारचा उकड्या तांदळाचा भात असला तर ज्याला हवा त्याने घ्यावा. पाने मांडावयाची, पातेले मध्ये ठेवावयाचे आणि सर्वांनी एकदमच बसावयाचे. कारण आता चुलीवर दुसरे काही नाही. तव्यावर भाजावयाचे नाही, तळावयाचे नाही, कोणी उभे राहून गरम गरम वाढावे असे काहीच शिल्लक नाही. एका पातेल्याचा हा गुण आम्ही लोहाहूनही मोठा मानतो. सून हातपाय धुऊन येते, “बाबा, आयज कितें रांदलां?” असे विचारते, वास्तविक वासावरून तिला जिन्यातच कळलेले असते, आणि पहिल्या पंगतीस बसते. पहिले काही दिवस ती सवयीने उठून उभी राही. आमच्या मंडळी तिला पदर धरून खाली बसवीत.

साडेपाच महिन्यांनी रक्त पुन्हा तपासले, ते ११.७ भरले. याचे श्रेय गोळ्यांस आहे. कोणाच्याही घरी असा आकडा आला तर केवळ पातेल्यावर विसंबून न राहता डॉक्टरांचे औषध पुरे घ्यावे, कारण इतकी उणीव अन्नाने भरून काढण्यास फार काळ लागतो. डॉक्टरांनी गोळ्या पुढे आणखी काही महिने चालू ठेवल्या, मग थांबविल्या. पातेले थांबविण्यास त्यांनी सांगितले नाही. चढण ती आता न थांबता चढते, आणि वर आल्यावर बोलण्याइतका दम तिच्यात उरतो. म्हणून कार्यालयातील गोष्टी आम्हांस हल्ली अधिक कळू लागल्या आहेत.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, ती उरलेल्या अन्नाची. शिजवलेली कोंबडी आणि पाला दोन तासांच्या आत गार करून फ्रिजमध्ये ठेवल्यास दुसऱ्या दिवशी खळखळून उकळून खाता येतो; तांबड्या भाजीचा रंग तेवढा मावळलेला असतो. परंतु आमच्या वारांचा हिशेब असा की ही सवलत फक्त मंगळवारास मिळते. मंगळवारचे उरले तर बुधवारी चालते. बुधवारचे उरले तर दुसऱ्या दिवशी गुरुवार, शुक्रवारचे उरले तर शनिवार. म्हणून मंगळवारी आम्ही पाऊण किलोची किलोभर करतो. बुधवारी आणि शुक्रवारी मोजून पाऊण किलोच. आणि तरीही एखादा तुकडा मागे राहिलाच, तर मुलगा उशिरा घरी येतो हे उपयोगी पडते.